भिंतीपासून भिंतीपर्यंत

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून हुतात्मा चौकाकडे दादाभाई नौरोजी रोडने चालत निघाले, तर बराचसा रस्ता इमारतींच्या खालून कापता येतो. वर तीन-चार मजले, खाली दगडी खांब आणि कमानी, कमानींच्या आत दुकानाच्या दारापर्यंत गेलेली फरसबंद ओसरी. इमारतींच्या शैली वेगवेगळ्या, मालक वेगळे, बांधकामाची वर्षेही वेगळी. ओसरी मात्र एका इमारतीतून दुसरीत सरळ पुढे जाते. हे आपोआप घडलेले नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडली गेली आणि हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, रुंद झाला. पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा १८९६ च्या सरकारी नियमांनी तिथे बांधणाऱ्यावर एक अट घातली: तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानीखालची वाट सोडायची. वर कोणाचीही कचेरी असो, खालून जाण्याचा हक्क सगळ्यांना. ज्या शहरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन अंगावर घेणे कठीण होते, तिथे ही अट किती विचारपूर्वक घातलेली होती हे आजही त्या ओसरीत शिरल्यावर लगेच कळते.

या कमानींची गणना आपण वारशात करतो आणि त्या जपायला हव्यात हे खरेच. मला त्या महत्त्वाच्या वाटतात त्या रस्ता आखण्याची एक पद्धत म्हणून. दोन फूटपाथांच्या मधला पट्टा म्हणजे रस्ता, असे त्या पद्धतीत धरलेले नाही. एका इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या इमारतीच्या भिंतीपर्यंतची सगळी जागा एकत्र विचारात घेतलेली आहे आणि चालणाऱ्याचा वाटा त्यात आधीच मोजून ठेवलेला आहे. मुंबईचा रस्ता म्हाताऱ्या माणसाला, शाळकरी पोराला, हातगाडीवाल्याला, सायकलवाल्याला सुरक्षित राहिला की नाही, हे गेल्या सव्वाशे वर्षांत वाहनांच्या संख्येपेक्षाही याच गोष्टीवर जास्त ठरत आले, असे माझे म्हणणे आहे. जिथे पूर्ण रुंदी आखली गेली, तिथले रस्ते वाहने कितीतरी पटींनी वाढूनही तग धरून आहेत. जिथे फक्त गाड्यांचा पट्टा आखला गेला, तिथे उरलेल्या चिंचोळ्या जागेत माणसांनी आपापले बघून घ्यावे अशी स्थिती झाली.

ज्या वर्षी हॉर्नबी रोडचे नियम झाले, त्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरमध्ये, मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. शहर हादरले, लाखो लोक गावी पळाले. दाटीवाटीच्या वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो, या समजुतीतून १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. समुद्रावरचे वारे शहराच्या पोटात आणण्यासाठी दाट वस्त्या चिरून सरळ रस्ते काढायचे, हे ट्रस्टचे मुख्य औषध होते. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड याच विचारातून निघाले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे शास्त्र पुढे पक्के झाले, तरी रस्ते व्हायचे ते झालेच. या कामाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. जितकी घरे पाडली तितकी नवी ट्रस्टने वेळेत बांधली नाहीत. विस्थापित माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी आणखी वाढली. रस्ता रुंद झाला, पण त्याच्या कडेला पिढ्यानपिढ्या राहणारा माणूस तिथे उरला नाही. रस्तारुंदी म्हणजे सुधारणा, हे समीकरण मुंबईच्या कारभारात तेव्हापासून रुजले आणि आजपर्यंत हलले नाही.

त्या काळातही वेगळा विचार करणारे होते. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांच्याच हाताखाली सुरू झाला आणि मालवणहून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी. सरळ रेषेत घरे पाडत जाणारी सुधारणा गेडीस यांना मान्य नव्हती. जिथे खरोखर अडथळा आहे तिथली मोजकी पडकी घरे काढा, निघालेल्या जागेत झाड लावा, चौक करा आणि गल्ल्या चालण्यासाठी राहू द्या, असे ते सांगत. गल्ली अरुंद आहे म्हणून ती दोषी ठरत नाही. तिथे वाहनाचा वेग मुळातच वाढू शकत नाही आणि लहान मुलांना दाराबाहेर पडता येते, हा त्यांच्या मांडणीतून निघणारा अर्थ आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. शहर चालवणाऱ्यांनी त्यांचे अहवाल वाचले, पण रस्ता आखताना मागे ठेवले.

ट्रस्टच्या खात्यावर एक मोठी जमेची नोंदही आहे, आणि ती माझ्या मुद्द्याला थेट बळ देते. दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांत शेतजमिनी आणि मोकळ्या जागांवर ट्रस्टने नव्या वसाहती आखल्या. तिथे जुनी वस्ती चिरायची नव्हती, त्यामुळे रस्त्याची रुंदी, इमारतींसमोरची मोकळी जागा, झाडांच्या रांगा, बागा आणि भूखंड हे सगळे एकाच नकाशावर उतरले. दादर पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बगीचे, किंग्ज सर्कलच्या आसपासच्या आतल्या वाटा आजही पायी फिरायला सुखाच्या आहेत. मोटारी तिथेही आल्या, पार्किंगचा त्रास तिथेही आहे. पण शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या फूटपाथवर माणूस अजून चालतो, झाडाखाली भाजीवाला बसतो, आजी नातवाला हाताशी धरून शाळेत पोचवते. झाड, फूटपाथ आणि इमारतीची कुंपणभिंत यांच्यातले अंतर तेव्हाच ठरले होते, म्हणून नंतर कोणाला ते सहज गिळता आले नाही.

या आखणीच्या काळात रस्त्याच्या मध्यभागी ट्रॅम होती. १८७४ मध्ये घोड्यांनी ओढलेली ट्रॅम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि १९२६ मध्ये तिच्या जोडीला बस आली. ट्रॅम रुळांवरून ठरलेल्या संथ चालीने जायची. तिच्यात चढण्या-उतरण्यासाठी माणसे सतत रस्त्यात असायची आणि बाकीच्या वाहनांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्रॅम धावली. रूळ निघाल्यावर रस्त्याच्या मध्यभागी मोठी रुंदी मोकळी झाली. त्या रुंदीतला काही भाग कडेला देऊन फूटपाथ वाढवता आले असते, बसथांबे ऐसपैस करता आले असते. ती जागा मोटारींकडे गेली. त्याच दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करून शहराच्या दोन्ही बाजूंनी द्रुतगती मार्ग सुचवले होते. १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नरला शहरातला पहिला उड्डाणपूल उभा राहिला. रस्ता मोजण्याचे माप तिथे बदलले. एका तासात किती माणसे सुखरूप पोचली, याऐवजी किती वाहने सुटली हे मोजले जाऊ लागले.

पुढचा मोठा टप्पा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले आणि मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांची योजना हाती घेतली गेली. त्यातल्या बऱ्याचशा पुलांनी द्रुतगती महामार्गांवरचे सिग्नल टाळले, लांबच्या प्रवासाचा वेळ वाचवला. बसलाही त्याचा फायदा झाला. हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पूल महामार्गावर बांधणे वेगळे आणि राहत्या बाजारपेठेच्या डोक्यावर बांधणे वेगळे. मोहम्मद अली रोडच्या उदाहरणात हा फरक डोळ्यांसमोर येतो. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळात रुंद झालेल्या या रस्त्याच्या कडेला अनेक इमारतींखाली कमानींची ओसरी आहे, हॉर्नबी रोडच्याच वळणाची. २००२ मध्ये या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून सुमारे अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल गेला. वर गाड्या सुसाट, खाली खांबांची रांग, पुलाच्या सावलीत साचलेला धूर आणि हॉर्नचा घुमणारा आवाज. रस्ता ओलांडणाऱ्याला खांबाआडून येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पुलाचा उतार जिथे जमिनीला टेकतो, तिथे तर वरच्या वेगाने आलेली गाडी आणि खालून हातगाडी ढकलणारा हमाल एकाच तोंडाशी येतात.

२०१० मध्ये त्या पुलावर दुचाकींना बंदी झाली, कारण वळणांवर दुचाकीस्वार मरत होते. निर्णय जीव वाचवण्यासाठी होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण त्याचा हिशोब पूर्ण करू या. ज्यांना अंगावर लोखंडी कवच नाही ते सगळे, म्हणजे पादचारी, दुचाकीस्वार, सायकलवाले, हातगाडीवाले, खालच्या रस्त्यावर. बसथांबेही खालीच. वरचा कोट्यवधींचा पूल फक्त चारचाकींना सोयीचा. पूल झाल्यावर खालचा रस्ता मोकळा होईल आणि तो चालणाऱ्यांना मिळेल, असा युक्तिवाद अशा प्रत्येक योजनेच्या वेळी केला जातो. तो फलद्रूप व्हायचा तर खालच्या रस्त्याचा आराखडा पुलाच्या आराखड्याबरोबरच व्हायला हवा होता: खांबांची जागा, ओलांडण्याच्या जागा, फूटपाथची रुंदी, माल उतरवण्याची वेळ आणि ठिकाण. ट्रस्टच्या रस्त्यावर ओसरी आधीपासून होती, म्हणून तिथला माणूस निदान तिच्या आडोशाने चालू शकला. नव्या रचनेने त्याला काहीच दिले नाही.

चालणाऱ्यांची आठवण झाली तीही त्यांना रस्त्यावरून उचलण्यासाठी. २००८ मध्ये वांद्रे पूर्व स्थानकापासून कलानगरपर्यंत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पहिला स्कायवॉक बांधला आणि पाठोपाठ महानगरात तीसहून अधिक स्कायवॉक झाले. स्थानकाच्या पुलावरून थेट पुढे जाणाऱ्या गर्दीला ते काही ठिकाणी उपयोगी पडले, हे खरे. मात्र ज्याला समोरच्या दुकानात जायचे आहे, रिक्षा पकडायची आहे, शाळेच्या दारात उतरायचे आहे, त्याने आधी दोन मजले चढायचे, मग तितकेच उतरायचे. गुडघे दुखणारी, कडेवर मूल असलेली, डोक्यावर टोपली घेतलेली माणसे खालूनच जातात. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर जिन्याची पहिली पायरीच शेवटची. याच काळात झालेल्या महानगर प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात दिसले की प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पूर्णपणे पायी होतात. म्हणजे बहुसंख्य प्रवासी जमिनीवर होते आणि त्यांच्यासाठी जमिनीवर आराखडा नव्हता. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. १४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळून पादचारी दगावले. दोन्ही ठिकाणी माणसे फक्त चालत होती.

या मांडणीला सर्वांत आधी येणारा आक्षेप फेरीवाल्यांचा असतो. फूटपाथ रुंद केला की तो फेरीवाले व्यापतात, मग त्याचा उपयोग काय? दादाभाई नौरोजी रोडच्या ओसरीचेही तेच झाले, असा दाखला मिळतो. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. माणसे जिथून जातात तिथेच विक्रेता बसतो, आणि संध्याकाळी फळे, भाजी, मोबाइलचे कव्हर घेणारा तोच पादचारी असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात बसण्याची आणि न बसण्याची क्षेत्रे ठरवण्याची दिशा दिली. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला, नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद झाली. इतक्या वर्षांत खोळंबले ते त्या क्षेत्रांना रस्त्याच्या नकाशात प्रत्यक्ष जागा देण्याचे काम. दुकानाला लागून एक पट्टी, मधोमध निखळ चालण्याची पट्टी, आणि रस्त्याच्या बाजूला झाड, खांब, बाकडे व विक्रेता यांची पट्टी, अशी विभागणी जगभर रूढ आहे आणि भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, चालण्याची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि फूटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी असे सांगितले आहे. मुंबईत अनेक ठिकाणी ही उंची दीड फुटावर जाते आणि चढायचे कष्ट नकोत म्हणून माणसे रस्त्यावरून चालतात. मग त्यांच्यावर बेशिस्तीचा ठपका येतो.

जागाच नाही, हा दुसरा आक्षेप. मुंबईपुरता तो अधिक गंभीर आहे. पण रस्त्याच्या कडेला दिवसभर उभी असलेली एक मोटार सुमारे बारा चौरस मीटर जागा घेते, आणि दोन्ही बाजूंना अशी रांग लागली की साडेचार-पाच मीटर रुंदी उभ्या गाड्यांना जाते. ज्या शहरात बहुतेकांकडे मोटार नाही, तिथे ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली, हे विचारायलाच हवे. जागेचा आणखी एक चोर फूटपाथच्या खाली आहे. पाण्याची वाहिनी, गॅस, वीज, दूरध्वनी, इंटरनेटच्या तारा यांच्यासाठी दरवर्षी कोणी ना कोणी चर खोदतो, वर पेव्हर ब्लॉक कसेतरी बसवतो आणि पहिल्याच पावसात ते डुगडुगू लागतात. यावर बंगळुरूने टेंडरश्युअर नावाचा उपाय करून पाहिला. सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड अशा रस्त्यांवर एकाच कंत्राटात सगळ्या वाहिन्या फूटपाथखालच्या नलिकांत घातल्या, गाड्यांच्या मार्गिका सलग समान रुंदीच्या ठेवल्या आणि उरलेली सगळी रुंदी चालणाऱ्यांना दिली. खर्च नेहमीच्या डांबरीकरणापेक्षा खूप जास्त आला आणि मोटारवाल्यांनी तक्रारी केल्या. तरी तिथला फूटपाथ सलग चालता येण्याजोगा झाला, कारण नकाशा एकाचाच होता. पुण्याने २०१६ मध्ये शहरी रस्त्यांच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद करून झाडांभोवती बसायला जागा केली. संध्याकाळी तिथे टेकलेली म्हातारी मंडळी पाहिली की त्या जागेची गरज किती होती हे कळते.

लोकांनाच शिस्त नाही, हा तिसरा आक्षेप मी सर्वांत कमी मानतो. माणूस जवळची वाट घेणारच. थकलेला माणूस तर नक्कीच. रस्त्याच्या आखणीने हे गृहीत धरायला हवे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी ३० किलोमीटरने बसलेल्या धडकेत बहुतेक पादचारी वाचतात आणि वेग ५०-६० वर गेला की वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. वेग फलकाने उतरत नाही. मार्गिकेची रुंदी, कोपऱ्याचे वळण, ओलांडण्याच्या जागी उंच केलेला पृष्ठभाग, मध्ये थांबायला दुभाजकातली सुरक्षित जागा यांनी तो उतरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि दुचाकीवरचे जवळपास पंचाहत्तर हजार. इतक्या मृत्यूंना बेशिस्त हे एकच उत्तर देणे मला क्रूर वाटते.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि राज्यांना पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला लावले. मुंबईकडे मात्र त्याहून फार जुने एक साधन हाताशी आहे. १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या २९७ व्या कलमाने आयुक्तांना प्रत्येक रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. इमारत पडून नवी उभी राहताना त्या रेषेच्या आत येणारी जमीन महापालिकेकडे जाते. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या जुन्या चाळी आज एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. मोहम्मद अली रोडला लागून असलेल्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी नवी वस्ती आणि रुंद रस्ते आखले गेले आहेत. हॉर्नबी रोडवर इमारती उभ्या राहत असताना जशी संधी होती, तशी ती आता शहरभर शेकडो ठिकाणी एकाच वेळी आली आहे. प्रत्येक फाइलमध्ये रेषेच्या आतल्या त्या दोन-तीन मीटर जमिनीवर डांबर पडणार की फरशी, तळमजल्याला वाहनतळाची आंधळी भिंत येणार की दुकानांपुढची ओसरी, हे ठरते आहे. रेषा आखणारा नगररचना विभाग, डांबर टाकणारा रस्ते विभाग आणि इमारतीला परवानगी देणारा विभाग हे तिघे मात्र अजून वेगवेगळ्या नकाशांवर काम करतात.